निवेदनापासून तारांकित प्रश्नापर्यंत: एका तालुक्यातील ग्रंथालय-वाचकांच्या प्रशिक्षणाचे प्रकरण

हे प्रकरण एका कोरडवाहू तालुक्यातले, २०२१ ते २०२३ या काळातले आहे. ओळख पटू नये म्हणून तालुका, ग्रंथालये, माणसे आणि आमदार यांची नावे काढली आहेत. गावोगावच्या ग्रंथालय संघांना आणि वाचक मंडळांना आपल्या आमदारांकडे जाण्यापूर्वी काय तयारी करावी लागते, हे त्यातून नीट दिसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत मालमत्ता करासोबत ग्रंथालयासाठी उपकर गोळा होतो आणि तो पैसा त्याच कामासाठी राखलेला असतो. आपल्याकडे दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून, उच्च व तंत्रशिक्षण विभागामार्फत परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचा पैसा, मिळते. १९४५ सालीच स्वतःचा ग्रंथालय कायदा करणारे कोल्हापूर संस्थान पुढे ज्या राज्याचा भाग झाले, त्या राज्यातल्या ग्रंथालयांना दर मार्चला आपला हप्ता येणार की नाही याची वाट बघावी लागते, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की ग्रंथालयांसाठी विधिमंडळ फार महत्त्वाचे आहे. पैसा तिथे खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान होऊन येतो.

ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. २०१२ च्या दरवाढीनंतर गावपातळीवरच्या ‘ड’ वर्गाला वर्षाला कमाल ३०,००० रुपये, ‘क’ वर्गाला ९६,००० आणि ‘ब’ वर्गाला १,९२,००० रुपये मिळत. तालुका आणि जिल्हा ग्रंथालयांचे दर यापेक्षा जास्त. अनुदान हप्त्यांनी येते आणि त्यातली निम्मी रक्कम वेतनासाठी धरली जाते. २०१२ मध्येच महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावर चालणारी, कुलूप लावलेली ग्रंथालये तीत उघडी पडली. त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गवाढ (म्हणजे ‘ड’ मधून ‘क’ अशी वरच्या वर्गात बढती) थांबली. त्या पडताळणीची आठवण मंत्रालयात अजून ताजी आहे, हे या प्रकरणात पुढे फार महत्त्वाचे ठरले.

या तालुक्यात २६ शासनमान्य ग्रंथालये होती: तालुक्याच्या गावी एक ‘अ’, मोठ्या गावांत चार ‘ब’, नऊ ‘क’ आणि बारा ‘ड’. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळी बंद झाली, ऑक्टोबरमध्ये उघडायला परवानगी मिळाली. तोवर वर्गणीदार तुटले होते, वर्तमानपत्रांची बिले थकली होती आणि अनुदानही रखडत, तुकड्यातुकड्याने येत होते.

समस्या

तालुक्याचा ग्रंथालय संघ गप्प नव्हता. दर अधिवेशनापूर्वी आमदारांना निवेदन जात असे. शाल, श्रीफळ, फोटो, दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात दोन स्तंभी बातमी. निवेदनात सतरा मागण्या. जुलै २०२१ मध्ये संघाच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने विचारले की मागच्या चार निवेदनांचे पुढे काय झाले. कोणालाच सांगता येईना. मग दोघांनी आवक-जावक क्रमांक घेऊन माग काढला.

निवेदन आमदारांच्या कार्यालयातून ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा घेऊन मंत्र्यांच्या कार्यालयात गेले होते. तिथून विभागाच्या कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे), तिथून ग्रंथालय संचालनालयाकडे, मग विभागीय सहायक ग्रंथालय संचालकांकडे आणि शेवटी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे. जिल्हा कार्यालयाने ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल सादर करावा’ असे पत्र काढले, ते तालुक्याच्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयाला. म्हणजे ज्यांनी निवेदन दिले त्यांच्याच टेबलावर ते सात महिन्यांनी परत आले होते. तिथल्या लिपिकाने ते नेहमीचे माहितीपत्रक समजून फाइलला लावून टाकले होते.

यात कोणी मुद्दाम अडवले नव्हते. निवेदनात सतरा मागण्या असल्या की कोणत्याही एका अधिकाऱ्याला ते पूर्ण आपले वाटत नाही, म्हणून प्रत्येक जण ते खाली ढकलतो. शिवाय निवेदनावर सह्या होत्या त्या सगळ्या अध्यक्ष आणि सचिवांच्या. आमदारांच्या लेखी ही संस्थाचालकांची अनुदानाची मागणी होती. वाचक त्यात कुठेच नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

बैठकीत चार पर्याय आले. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे: पण २६ गावांतून माणसे आणायची तर गाडीभाडेच परवडणारे नव्हते, आणि साथीमुळे जमावबंदीची टांगती तलवार होती. न्यायालयात याचिका: वेळ आणि पैसा दोन्ही नाही, शिवाय अनुदानाचे दर हा धोरणाचा विषय. राज्य संघावर सोडून देणे: राज्य संघ दरवाढीचा पाठपुरावा करतच होता, त्याला तालुक्यातून बळ कसे द्यायचे हा प्रश्न उरतोच.

चौथा पर्याय निवडला गेला. पदाधिकाऱ्यांऐवजी वाचकांना तयार करायचे आणि त्यांनी आमदारांना भेटायचे. विरोध झाला. ‘अडाणी माणसं काहीतरी बोलून बसतील’ ही भीती एका ज्येष्ठ अध्यक्षांनी उघड बोलून दाखवली. तोडगा असा निघाला की प्रशिक्षण वाचकांचे होईल, पदाधिकारी मागे बसतील आणि आकडे तपासून देतील.

पहिला निर्णयाचा क्षण: आधी आपलेच घर तपासायचे का?

प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी एक अट घातली. आमदारांकडे जाण्यापूर्वी २६ ग्रंथालयांची स्वतः पडताळणी करायची. कारण सरळ होते: ग्रंथालयांचा विषय काढला की २०१२ ची आठवण निघते, आणि ‘यातली खरंच उघडी किती असतात?’ हा प्रश्न येणारच.

ऑगस्टमध्ये आठ वाचक दोन-दोनच्या जोडीने, न कळवता, फलकावर लिहिलेल्या वेळेत गेले. प्रत्येक ठिकाणी दोनदा, वेगवेगळ्या वारी. कागदावर पाच रकाने: दार उघडे होते का, आत किती वाचक होते, त्या दिवसाचे वर्तमानपत्र होते का, देवघेव नोंदवहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची, आणि शौचालय वापरण्याजोगे आहे का. शेवटचा रकाना एका महिला वाचकाच्या आग्रहाने आला. मुली अभ्यासिकेत तास-दीड तासापेक्षा जास्त का थांबत नाहीत, याचे उत्तर त्याच रकान्यात सापडले.

निकाल: २६ पैकी पाच ग्रंथालये दोन्ही वेळा बंद. त्यातल्या एकाच्या दारावर कोळ्याचे जाळे. चार ‘ड’, एक ‘क’.

संघात मोठा वाद झाला. ही यादी बाहेर गेली तर त्या पाचांची मान्यता जाईल, म्हणून ती फाडून टाका, असे काहींचे म्हणणे. उलट बाजूने सांगितले गेले की २१ चालू ग्रंथालयांच्या तोंडी घास पडायचा असेल तर पाच बंद ग्रंथालयांची लपवाछपवी परवडणार नाही. शेवटी ठरले: यादी स्वतःहून वाटायची नाही, पण विचारले तर खरे सांगायचे, आणि त्या पाच ग्रंथालयांच्या अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत देऊन आधी कळवायचे. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. तो घ्यायला सर्वांत जास्त धैर्यही लागले.

प्रशिक्षण: तीन रविवार

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘अ’ वर्ग ग्रंथालयाच्या वाचन कक्षात तीन रविवार, सकाळी १० ते १२.३०. पहिल्या दिवशी २२ जण आले, शेवटपर्यंत १४ टिकले. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली, बचत गटाच्या दोन महिला, निवृत्त शिक्षिका, एक टेलर, वर्तमानपत्रासाठी रोज येणारे तीन शेतकरी आणि एक ग्रंथपाल. खर्च चहा-पोह्यांसह ३,४०० रुपये, वर्गणीतून.

पहिला रविवार ‘कोणाच्या हातात काय’ यासाठी. निवेदनातल्या सतरा मागण्या सतरा चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि भिंतीवर चार मोठे कागद लावले: आपले संचालक मंडळ व ग्रामपंचायत, जिल्हा कार्यालय व संचालनालय, मंत्रिमंडळ व वित्त विभाग, केंद्राचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. प्रत्येक चिठ्ठी कुठे चिकटवायची यावर तासभर चर्चा चालली. सहा चिठ्ठ्या पहिल्या कागदावर गेल्या. वीजबिल, छपराची गळती, उघडण्याच्या वेळा: यातले काहीच आमदारांच्या सहीने सुटणारे नव्हते. पाच दुसऱ्या कागदावर, चार तिसऱ्यावर, दोन चौथ्यावर. वर्षानुवर्षे सगळ्या मागण्या एकाच माणसापुढे ठेवत आलो हे भिंतीवर दिसल्यावर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर आमदारांच्या हातातली साधने. तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), अतारांकित प्रश्न (ज्याचे फक्त लेखी उत्तर येते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पीय मागण्यांवरचे भाषण. प्रत्येकाची वेळ वेगळी. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो, लक्षवेधी अधिवेशन चालू असताना. अधिवेशने तीन: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय, मग पावसाळी आणि डिसेंबरात हिवाळी. हे वेळापत्रक भिंतीवर राहिले, पण त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

दुसरा रविवार एका पानाचा. नियम असा की आमदारांच्या हाती एकच पान द्यायचे, एकच मागणी, तीनच आकडे. सर्वांत बोलका आकडा गणिताने निघाला. ‘ड’ वर्गाचे कमाल अनुदान वर्षाला ३०,०००. निम्मे वेतनासाठी, म्हणजे १५,०००. महिन्याला १,२५०. शेतमजुराच्या काही दिवसांच्या मजुरीएवढ्या पैशांत माणूस महिनाभर ग्रंथालय उघडतो.

इथे एक चूक वेळीच सापडली. पहिल्या मसुद्यात ‘शासन ग्रंथपालाला १,२५० रुपये पगार देते’ असे लिहिले होते. गटातल्या ग्रंथपालाने हात वर केला: शासन पगार देत नाही, संस्थेला अनुदान देते. कर्मचारी संस्थेचा. हे वाक्य सभागृहात गेले असते तर उत्तर एका ओळीत आले असते, ‘हे खरे नाही’, आणि विषय तिथेच संपला असता. वाक्य बदलले: ‘ड वर्गाच्या कमाल अनुदानातून वेतनासाठी दरमहा १,२५० रुपये उपलब्ध होतात.’ आमदारांना दिलेला आकडा बरोबर असून भागत नाही, त्याच्या भोवतीचे शब्दही अधिकाऱ्याच्या नजरेतून वाचायला हवेत.

तिसरा रविवार रंगीत तालमीचा. टेबलामागे एक ‘आमदार’, शेजारी सतत फोन घेणारा ‘पीए’ (स्वीय सहायक), आणि मध्येच येऊन ‘साहेब, निघायचंय’ म्हणणारा ‘कार्यकर्ता’. भेटीला सहा मिनिटे. पहिल्या फेरीत जवळपास प्रत्येक गट ग्रंथालयाच्या स्थापनेपासून सुरू झाला आणि मागणीवर येईपर्यंत वेळ संपला. काही जण तक्रारीच्या सुरात गेले. एका गटात चौघे एकदम बोलू लागले.

मग कामाची वाटणी केली. भेटीला तिघेच बोलणारे. पहिला वाचक: नाव, गाव, ग्रंथालयात काय करतो, तीन वाक्ये. दुसरा आकडेवाला: पान हातात देतो, एकच आकडा बोलतो. तिसरा मागणी करतो आणि थांबतो. थांबणे सर्वांना अवघड गेले. मागणी केल्यावर समोरचा गप्प राहिला की माणूस घाबरून आणखी दोन मागण्या जोडतो. तालमीत तिसऱ्या माणसाला मागणीनंतर मनात दहापर्यंत मोजायला लावले.

‘बघतो’, ‘करू आपण’, ‘पत्र देतो’ या उत्तरांचीही तालीम झाली. ठरलेले उत्तर असे: ‘साहेब, प्रश्नाचा मसुदा आणलाय. पीए साहेबांकडे आत्ता देऊ का? मंगळवारी फोन करून विचारतो.’ मसुदा विधिमंडळाच्या साच्यातच होता, कारण आमदारांच्या कार्यालयाला तो तसाच वापरता यावा:

‘(१) तालुक्यातील शासनमान्य ग्रंथालयांना परिरक्षण अनुदानाचा हप्ता विहित वेळेत मिळालेला नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, ड वर्गाच्या ग्रंथालयांना कमाल अनुदानातून वेतनासाठी दरमहा केवळ १,२५० रुपये उपलब्ध होतात, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, अनुदानाच्या दरात २०१२ नंतर वाढ न होण्याची व वर्गवाढ बंद असण्याची कारणे काय आहेत, (४) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

मागणी एकच म्हणताना या मसुद्यात तीन विषय शिरले हे लगेच दिसते: हप्ता, दर आणि वर्गवाढ. गटात यावर मतभेद होते. प्रत्येक वर्गाच्या ग्रंथालयाला आपला विषय हवा होता आणि शेवटी तडजोड झाली. ती चुकली. का, ते पुढे.

एक लेखी मर्यादाही सर्वांनी सही करून मान्य केली: ग्रंथालयाच्या नावाने कोणत्याही पक्षाला वा उमेदवाराला पाठिंबा नाही, मतांची भाषा नाही, आचारसंहितेच्या काळात भेट नाही, ग्रंथालयाच्या जागेत पक्षाचा कार्यक्रम नाही.

काय केले

पहिली भेट नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी मिळाली. हिवाळी अधिवेशन २२ डिसेंबरला मुंबईत सुरू होणार होते. पीएंनी मसुदा बघितला आणि सांगितले, ‘चांगला आहे, पण या अधिवेशनाची प्रश्नांची मुदत गेली.’ वेळापत्रक भिंतीवर असूनही भेटीची तारीख त्यावरून उलटी मोजली नव्हती. तीन महिने गेले.

भेट मात्र ठरल्यापेक्षा चांगली झाली. बचत गटातल्या ताईंनी तीन वाक्ये सांगितली. त्यातले एक असे की त्यांची मुलगी पोलीस भरतीची पुस्तके ग्रंथालयातून आणते, कारण तो संच घरी विकत घेणे जमत नाही. पान दिले गेले. मग अपेक्षित प्रश्न आला: ‘यातली किती उघडी असतात हो? खरं सांगा.’ टेलर असलेले वाचक म्हणाले, ‘साहेब, सव्वीसही आम्ही स्वतः जाऊन बघितली. पाच बंद होती. एकवीस चालू. त्या पाचांना मुदत दिलीये.’ आमदारांनी पान पुन्हा उचलले आणि पहिल्यांदा नीट वाचले. सभागृहात कोणी हाच प्रश्न उलटा विचारला तर काय सांगायचे, असे त्यांनी विचारले. उत्तर तयार होते: हेच सांगा, तारखांसह नोंदी आमच्याकडे आहेत. भेट सहाऐवजी बावीस मिनिटे चालली.

जानेवारी २०२२ मध्ये मसुदा पुन्हा पीएंकडे गेला आणि अर्थसंकल्पीय अधिवेशनासाठी दाखल झाला. दरम्यान विधान परिषदेच्या एका सदस्यांनाही तेच पान दिले गेले. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून परिषदेवर प्रत्येकी सात सदस्य जातात. त्यांचे मतदार शिकलेले असल्याने ग्रंथालयाचा विषय त्यांना पटकन भावतो, असा राज्यातल्या अनेक संघांचा अनुभव आहे. या गटाने तिथे जायला उशीर केला.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी नोंदवहीत चार गोष्टी लिहिल्या जात: कोण भेटले, नेमके शब्द काय, कोणी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. मग दोन दिवसांत आभाराचा संदेश, त्यात ठरलेल्या गोष्टीचा एका ओळीत उल्लेख. पीएंनी ‘हो, लक्षात आहे’ असे उत्तर दिले की ते नोंदवहीत चिकटवले जाई. फोटो वर्तमानपत्रात द्यायचा नाही हा नियमही पाळला, कारण बातमी आली की आमदारांच्या दृष्टीने काम झालेले असते.

परिणाम

प्रश्न सभागृहात तोंडी चर्चेला आला नाही. प्रश्नांचा क्रम ठरवणाऱ्या बॅलटमध्ये (सोडतीत) तो खाली गेला आणि लेखी उत्तर आले. हप्त्याच्या विलंबाबाबत ‘हे अंशतः खरे आहे’, निधी उपलब्धतेनुसार वितरण केले जात आहे. दर आणि वर्गवाढीबाबत एकत्रित, गुळमुळीत उत्तर: बाब शासनाच्या विचाराधीन. तीन विषय एका प्रश्नात घातल्याचा हा परिणाम होता. वर्गवाढीवर स्वतंत्र प्रश्न असता तर शासनाला निदान कारण लिहून द्यावे लागले असते. एकत्र प्रश्नात सर्वांत सोप्या भागाचे उत्तर देऊन बाकीचे त्याच्या सावलीत ढकलता येते.

तरी दाखल झालेल्या प्रश्नाचा एक दुसराच उपयोग झाला. विधिमंडळाचा प्रश्न आला की खालच्या कार्यालयाकडून तातडीने माहिती मागवली जाते. जिल्हा कार्यालयाला तालुक्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाच्या हप्त्याची स्थिती कळवावी लागली. त्यात सात ग्रंथालयांची लेखापरीक्षण अहवालाअभावी अडकलेली प्रकरणे बाहेर आली. दोष ग्रंथालयांचाच होता. एका सनदी लेखापालाने नाममात्र शुल्कात अहवाल करून दिले आणि मेपर्यंत सातही मार्गी लागली. चार निवेदनांतून जे कळले नव्हते ते दाखल प्रश्नामुळे पाच आठवड्यांत कळले.

जून २०२२ मध्ये सरकार बदलले. पावसाळी अधिवेशन लांबून १७ ऑगस्टला सुरू झाले, खाती बदलली, मंत्र्यांचे कार्यालय बदलले. गटातले बरेच जण खचले. इथे दुसरा कठीण निर्णय आला: थांबायचे की नव्या लोकांपुढे पुन्हा पहिल्यापासून जायचे? नोंदवही आणि लेखी उत्तर हाताशी असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून जावे लागले नाही. ‘विचाराधीन’ या लेखी शब्दापासूनच पुढे बोलता आले. परिषदेच्या सदस्यांनी तो धागा उचलून पत्र दिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला. त्यानुसार ‘ड’ वर्गाचे ३०,००० चे ४८,००० झाले, ‘क’ वर्गाचे ९६,००० चे १,५३,६००. या निर्णयाचे श्रेय या तालुक्याला देणे चुकीचे होईल. राज्यभरचे संघ दहा वर्षे मागे लागले होते. या गटाने एक आकडा आणि एक लेखी उत्तर त्या प्रयत्नात भरीला घातले, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

तालुक्यापुरते बदल मात्र मोजता येतात. बंद पाचांपैकी तीन ग्रंथालये रोज उघडू लागली. एकाचे वाचक शेजारच्या गावात जोडले गेले. एक बंदच राहिले. दोन गावांत शौचालय ग्रामपंचायतीच्या पैशांतून झाले. ती मागणी पहिल्या रविवारी भिंतीवरच्या पहिल्या कागदावर गेली होती आणि तिला आमदारांची गरज लागलीच नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महागात पडले ते वेळापत्रक. भेटीची तारीख अधिवेशनापासून उलटी मोजून ठरवायला हवी: प्रश्नाच्या मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी मसुदा पीएंच्या हाती, त्याच्या दोन आठवडे आधी भेट, त्याच्या महिनाभर आधी प्रशिक्षण. म्हणजे हिवाळी अधिवेशनासाठी प्रशिक्षण ऑगस्टमध्येच संपायला हवे होते आणि पडताळणी जूनमध्ये.

दुसरे, पीए. चौदा जणांची सारी तालीम आमदारांपुढच्या सहा मिनिटांची झाली. प्रत्यक्षात मसुदा वाचणारा, दुरुस्त करणारा आणि दाखल करणारा माणूस पीए होता. त्याच्यासाठी वेगळे पान, प्रश्न संगणकावर टंकलेला, मागच्या उत्तरांच्या प्रती जोडलेल्या, असे असते तर जानेवारीतला आठवडाभराचा गोंधळ टळला असता.

तिसरे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी भेटायला हवे होते. प्रश्न दाखल झाल्याचे त्यांना वरून आलेल्या फोनवरून कळले आणि ते काही काळ दुखावले. लेखापरीक्षणाची अडचण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली असती, आणि मग प्रश्नाचा पहिला भाग लिहावाच लागला नसता. ती जागा वर्गवाढीला मिळाली असती.

गळती का झाली याचाही विचार हवा. २२ पैकी आठ जण सुटले, त्यातल्या पाच मुली. रविवारी सकाळी घरचे काम आणि शिकवणी. दोन तासांची सत्रे शनिवारी दुपारी ठेवली असती तर त्यातल्या काही राहिल्या असत्या. भेटीत सर्वांत जास्त परिणाम त्या ताईंच्या तीन वाक्यांचा झाला हे लक्षात घेता हे नुकसान छोटे नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायत निवडणुकांची आचारसंहिता लागली तेव्हा गटाने ठरल्याप्रमाणे भेटी थांबवल्या आणि त्या काळात पडताळणीची दुसरी फेरी केली. नव्या दरानुसार पानावरचा आकडाही बदलला. ४८,००० चे निम्मे २४,०००, महिन्याला २,०००. अर्थसंकल्पीय अधिवेशनासाठी जो मसुदा गेला त्यात एकच विषय होता, वर्गवाढ, आणि तो मुदतीच्या चोवीस दिवस आधी पीएंच्या टेबलावर होता.